नव्वदच्या दशकातल्या ऑल जपानच्या लढती: कुठून सुरू करायच्या आणि कशा बघायच्या

"मामा, सगळे डोक्यावर घेतात ती लढत बघितली. चाळीस मिनिटं नुसती आपटाआपटी आहे." हे माझ्या भाच्याचं वाक्य. त्याच्याआधी दोन मित्रांनी आणि ऑफिसातल्या एकाने जवळपास हेच ऐकवलं होतं. खोदून विचारल्यावर चौघांचीही चूक एकच निघाली. कुठल्या तरी यादीत पहिल्या नंबरवर असलेली लढत थेट उघडली, तीही मोबाइलवर, निकाल आधी वाचून आणि मागचं काहीच माहीत नसताना.

ऑल जपान प्रो रेसलिंग या जपानी व्यावसायिक कुस्ती कंपनीच्या त्या काळातल्या लढती अशा बघून हाती काही लागत नाही. तिथे आज बसलेला डाव पुढच्या भेटीत उलटवला जातो आणि त्या उलटवण्यावरचा तोड दोन वर्षांनी तिसऱ्याच लढतीत सापडतो. तिथल्या प्रेक्षकांना हे सगळं पाठ होतं, म्हणून ते जागेवरून उठत होते. आपल्याला पाठ नसेल तर आपल्या वाट्याला फक्त त्यांचा आरडाओरडा येतो.

खाली अकरा लढतींची वाट दिली आहे. आठवड्याला एक किंवा दोन बघितल्या तर दोन-अडीच महिन्यांत पूर्ण होते. निकाल शक्यतो सांगितलेले नाहीत. जिथे ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणारच नाही, तिथेच अपवाद केला आहे.

टप्पा १: तारखा नीट उतरवून घ्या

सुरुवातीची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. या लढती नावाने कमी आणि तारखेने जास्त ओळखल्या जातात, आणि त्या तारखा बहुतेक ठिकाणी अमेरिकन पद्धतीने लिहिलेल्या असतात, म्हणजे आधी महिना, मग दिवस. ५/२२/९२ दिसलं तर आपण लगेच सावध होतो, कारण बाविसावा महिना नसतो. पण ६/३/९४ आपण बिनदिक्कत ६ मार्च वाचतो. ती लढत ३ जून १९९४ची आहे. तसंच ६/९/९५ म्हणजे ६ सप्टेंबर नव्हे, ९ जून १९९५. मी स्वतः ६ सप्टेंबरची लढत शोधण्यात दोन संध्याकाळी घालवल्या होत्या.

जपानी माणूस उलट लिहितो: वर्ष, महिना, दिवस. आणि कॅसेटच्या वेष्टनावर किंवा जाहिरातीवर वर्ष त्यांच्या सम्राटाच्या कालगणनेतलं असू शकतं. १९८९ साली सुरू झालेल्या या कालगणनेला हेइसेइ म्हणतात. हेइसेइ वर्षात १९८८ मिळवा, इसवी सन मिळेल. हेइसेइ २ म्हणजे १९९०, हेइसेइ ६ म्हणजे १९९४.

वहीच्या पहिल्या पानावर हे उतरवा, महिना अक्षरात लिहून:

१. १४ मे १९९०: टायगर मास्क-कावादा विरुद्ध यात्सु-फुयुकी
२. ८ जून १९९०: जम्बो त्सुरुता विरुद्ध मिसावा
३. १ सप्टेंबर १९९०: पुन्हा तेच दोघे
४. २० एप्रिल १९९१: मिसावा-कावादा-कोबाशी विरुद्ध जम्बो-ताउए-फुची
५. २२ मे १९९२: पुन्हा तेच सहा जण
६. ३ डिसेंबर १९९३: मिसावा-कोबाशी विरुद्ध कावादा-ताउए
७. ३ जून १९९४: मिसावा विरुद्ध कावादा
८. १५ एप्रिल १९९५: मिसावा विरुद्ध ताउए
९. ९ जून १९९५: मिसावा-कोबाशी विरुद्ध कावादा-ताउए
१०. २० जानेवारी १९९७: मिसावा विरुद्ध कोबाशी
११. १ मे १९९८: मिसावा विरुद्ध कावादा

इशारा: हेच चार-पाच जण एकमेकांशी असंख्य वेळा लढले आहेत. "मिसावा कावादा" एवढंच शोधून जी पहिली सापडेल ती लावू नका. तारीख जुळल्याशिवाय सुरुवात करायची नाही.

टप्पा २: माणसं ओळखायला शिका

पहिली लढत लावण्याआधी यावर अर्धा तास खर्च करा. जोडीच्या लढतीत चौघे एकदम आत आले की नवख्याचा गोंधळ होतो आणि तो मध्येच सोडून देतो. त्यावर सोपा उपाय पोशाखाचे रंग. मित्सुहारु मिसावा हिरव्या लांब पँटमध्ये. तोशिआकी कावादा काळ्या-पिवळ्यात. पुढचे दात नसलेला तोच. केन्ता कोबाशी केशरी चड्डीत. अकिरा ताउए लाल चड्डीत, उंच, थोडा बेढब वाटणारा. १९९३ ते १९९६ या काळातल्या लढतींत एवढ्या खुणा पुरतात.

जुन्या पिढीतला जम्बो त्सुरुता ओळखायला शिकवावा लागत नाही. आडदांड देह, काळी चड्डी आणि हात वर करून "ओऽ!" अशी आरोळी, ती त्याने ठोकली की सगळं सभागृह त्याच्यासोबत ठोकतं. त्याच्या बाजूचा मासानोबु फुची अंगाने लहान, पण समोरच्याचा दुखरा अवयव शोधून त्यावरच बसणारा. मला तो फार आवडतो आणि नवीन माणसं त्याच्याकडे हमखास दुर्लक्ष करतात.

शोधताना तीन गोष्टी सांभाळा. जपानीत आडनाव आधी येतं, म्हणजे "मिसावा मित्सुहारु". ताउए हे नाव रोमन लिपीत बघून आपल्याकडे लोक "टाऊ" म्हणतात. ते ता-उ-ए आहे. तिसरी गोष्ट सगळ्यात कामाची: जपानी विकिपीडियावरून नाव जपानी लिपीत कॉपी करा आणि तेच शोधात टाका. रोमन लिपीत न सापडणाऱ्या लढती तशा सापडतात.

तपासणी: ऑल जपान, न्यू जपान आणि ऑल जपान विमेन्स या तीन वेगवेगळ्या कंपन्या. जायंट बाबा या कुस्तीगिराची ऑल जपान १९७२ साली सुरू झाली. महिलांची कंपनी नावाने सारखी असली तरी तिचा हिच्याशी संबंध नाही. शोधात तिन्हींची सरमिसळ होते. चित्रणात वरच्या सहांपैकी कुणीच दिसत नसेल तर आपण चुकीच्या दारात उभे आहोत.

टप्पा ३: चित्रण पूर्ण आहे की कापलेलं, ते बघा

ऑल जपानच्या लढती तेव्हा निप्पॉन टेलिव्हिजनवर दाखवल्या जात. कार्यक्रमाची वेळ मोजकी, लढती लांब, त्यामुळे टीव्हीवर बऱ्याचदा कापून दाखवलेल्या असत. पुढे व्हिडिओ कॅसेटवर आणि डीव्हीडीवर त्याच लढती पूर्ण आल्या. आज फिरणाऱ्या चित्रणांत दोन्ही प्रकार आहेत, आणि कापलेली आवृत्ती पूर्ण समजून बघणारे खूप.

ओळखायची रीत अशी. लढत चालू असताना दर पाच मिनिटांनी निवेदक ध्वनिक्षेपकावरून किती वेळ झाला ते सांगतो. शब्द कान देऊन ऐका: "गोफुन केइका" म्हणजे पाच मिनिटं झाली, "जुप्पुन केइका" म्हणजे दहा, "निजुप्पुन केइका" म्हणजे वीस. दोन घोषणांच्या मधला वेळ मोबाइलच्या घड्याळावर लावून बघा. पाच मिनिटांच्या जागी तीनच भरली तर मधलं काहीतरी गेलं आहे. दुसरी खूण घामाची. आधीच्या क्षणी कोरडं असलेलं अंग पुढच्या क्षणी निथळत असेल, तर तिथे कात्री लागली आहे.

पडताळ्यासाठी तीन वेळा सांगतो: ३ डिसेंबर १९९३ची लढत साडेतेवीस मिनिटांच्या आसपास, ३ जून १९९४ची जवळपास ३६, ९ जून १९९५ची साडेबेचाळीस. तुमच्या हातातलं चित्रण प्रवेश आणि घोषणा धरूनही याहून लहान भरत असेल तर ते सोडा आणि दुसरं शोधा.

इशारा: कापताना पहिली दहा-पंधरा मिनिटं जातात. नवख्याला वाटतं, बरंच झालं, कंटाळवाणा भाग गेला. पण कुणाचा पाय दुखावला, कुणी कुणाला हात मिळवला नाही, कुठला डाव मारायला गेला आणि जमला नाही, हे सगळं त्याच पंधरा मिनिटांत पेरलेलं असतं. शेवटी उगवतं ते हेच.

टप्पा ४: डीव्हीडी मागवणार असाल तर पैसे देण्याआधी

जपानमध्ये मराठी माणसं आता बरीच आहेत आणि "येताना दोन डीव्हीडी घेऊन ये" असं सांगणं सोपं झालंय. पण जपानी डीव्हीडीचा विभाग २ आणि भारताचा ५. घरातला साधा प्लेयर ती नाकारण्याची शक्यता मोठी. शिवाय जपानची चित्रपद्धत एनटीएससी, आपली पाल. जुन्या टीव्हीवर चित्र काळं-पांढरं दिसतं किंवा वर-खाली सरकतं. सर्व विभाग चालवणारा प्लेयर असेल तरच मागवा.

कॉम्प्युटरच्या ड्राइव्हवर विभाग बदलता येतो, पण साधारण पाचच वेळा. त्यानंतर शेवटचा विभाग कायमचा बसतो. घरातल्या इतर डिस्क त्याच ड्राइव्हवर बघत असाल तर सहज म्हणून बदल करू नका.

ऑनलाइन सदस्यत्व घेणार असाल तर पैसे भरण्याआधी हव्या त्या तारखेची लढत त्यांच्या यादीत आहे का ते जपानी नावाने शोधा. कंपनीचं नाव आहे म्हणून तिची जुनी सगळी चित्रणं तिथे असतील असं धरून चालू नका.

टप्पा ५: निकाल डोळ्यांआड ठेवा

याबाबत मी कडक आहे. चित्रणाखालचं काहीही वाचायचं नाही. कुस्तीगिराचं चरित्र वाचायचं नाही, त्यात किताबांची यादी असते. डेव्ह मेल्टझर या अमेरिकन कुस्ती-पत्रकाराचे तारे बघायचे नाहीत. ३ जून १९९४ आणि ९ जून १९९५ या दोन्ही लढतींना त्याने पाच तारे दिले, म्हणून तर लोक थेट तिथे उडी मारतात आणि तोंड पाडून परत येतात.

आणखी एक, जे कुणी सांगत नाही: खालची वेळेची पट्टी झाका. अजून बारा मिनिटं उरली आहेत हे दिसत असेल तर खांदे टेकल्यावर पंचाने मोजलेला आत्ताचा दोन आकडा खोटा आहे हे तुम्हाला कळतं आणि सगळी गंमत जाते. मी पडद्याच्या खालच्या कडेला वर्तमानपत्राची पट्टी चिकटपट्टीने लावतो. वरच्या तपासणीसाठी चित्रणाची लांबी बघायची असेल तर ती घरातल्या दुसऱ्या कुणाला बघायला सांगा.

टप्पा ६: नियम आणि सवयी, दहा मिनिटांत

निकाल ठरलेला असतो. मार ठरलेला नसतो, तो लागतो. हे एकदा मनाशी स्पष्ट करून पुढे जा, दर लढतीत तोच वाद घालू नका.

आपल्याकडच्या फडावर पाठ लागली की चीतपट, क्षणात खेळ खल्लास. इथे दोन्ही खांदे टेकवून पंचाने तीनदा हात आपटावा लागतो. म्हणजे एका क्षणाच्या जागी तीन ठोके मिळतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या ठोक्यामधल्या त्या फटीत टोकियोतलं सगळं बुदोकान सभागृह श्वास रोखतं. पंच ज्यो हिगुची किंवा क्योहेइ वादा यांच्या हाताकडे बघा, खालच्या माणसाच्या खांद्याकडे बघा, आणि कान गर्दीकडे ठेवा.

ऐंशीच्या दशकात ऑल जपानमध्ये मोठ्या लढती बऱ्याचदा बाद ठरवून किंवा रिंगबाहेर राहिलेल्याला पंचाने मोजून बाद केल्यावर सुटत. नव्वदला जायंट बाबांनी ते मागे टाकलं आणि मोठी कुस्ती निकालीच झाली पाहिजे असा शिरस्ता पडला. निकाली कुस्तीची किंमत आपल्याला वेगळी सांगायला नको. म्हणूनच मी १९८५पासून सुरुवात करू देत नाही. आधी निकालीची चव लागू द्या.

मुख्य किताब ट्रिपल क्राउन. १८ एप्रिल १९८९ला जम्बोने अमेरिकन मल्ल स्टॅन हॅन्सनला हरवून तीन जुने किताब एकत्र केले, तो हा. वसंतात चॅम्पियन कार्निव्हल ही एकेरी स्पर्धा, वर्षाच्या शेवटी जोड्यांची टॅग लीग. किताबाच्या लढतीला साठ मिनिटांची मर्यादा. एवढं पुरे.

टप्पा ७: १९९० (लढत १ ते ३)

वाट इथून सुरू होते, कारण इथे एक जागा रिकामी झाली होती. दुसऱ्या क्रमांकाचा मल्ल गेनिचिरो तेन्र्यु त्या वसंतात कंपनी सोडून गेला. जम्बोसमोर उभं राहायला कुणी उरलं नाही.

१४ मेची लढत टोकियो मेट्रोपॉलिटन जिम्नॅशियममधली. टायगर मास्कच्या मुखवट्यामागे मिसावा आहे. १९८४पासून तो हा मुखवटा घालत होता. लढतीच्या मध्यात तो जोडीदार कावादाकडे पाठ करतो आणि ओरडतो, "तोरे! तोरे!" म्हणजे काढ! कावादा मागची नाडी सोडतो. मिसावा मुखवटा प्रेक्षकांत भिरकावतो आणि उघड्या चेहऱ्याने तसाच प्रतिस्पर्ध्यावर धावून जातो. हा भाग दोनदा बघा. पहिल्यांदा मिसावाकडे, दुसऱ्यांदा कावादाच्या हातांकडे. हे दोघे एकाच शाळेच्या कुस्ती संघातले, मिसावा एक वर्ष पुढे. ही गोष्ट पुढची आठ वर्षं सोबत ठेवायची आहे.

पंचवीस दिवसांनी, ८ जूनला, बुदोकानमध्ये जम्बोसमोर मिसावा. सुमारे चोवीस मिनिटांची लढत. हा निकाल सांगावाच लागतो: मिसावा जिंकतो. पण कसा जिंकतो ते बघा. जम्बोला आडवं पाडणारा एखादा मोठा डाव त्याच्याकडे अजून नाहीच. जम्बोचा हुकमी बॅकड्रॉप, म्हणजे मागून धरून उचलून पाठीमागे आपटण्याचा डाव, तो उलटवतो आणि त्या धांदलीत वर राहतो. वहीत लिहा: "डावाने नाही, प्रतिडावाने." मग १ सप्टेंबरची लढत लावा आणि जम्बो तीन महिन्यांत काय शिकून आला ते शोधा.

तपासणी: जम्बोचा बॅकड्रॉप आणि मिसावाचा कोपराचा फटका, हे दोन्ही आवाज न बघता, नुसते ऐकून ओळखता आले पाहिजेत. येत नसतील तर १ सप्टेंबरची लढत पुन्हा लावा. पुढे जाण्याची घाई इथे सगळ्यात महाग पडते.

टप्पा ८: सहा जणांच्या लढती (४ आणि ५)

लोक या टाळतात, कारण किताब पणाला लागलेला नसतो. मला विचाराल तर सगळ्या वाटेत शिकण्यासारखं सगळ्यात जास्त इथेच आहे. एका बाजूला मिसावा, कावादा आणि अजून कच्चा असलेला कोबाशी. दुसरीकडे जम्बो, ताउए, फुची.

बघायची पद्धत: रिंगमध्ये कोण आहे यापेक्षा कोपऱ्यात कोण काय करतंय ते बघा. कावादा आणि ताउए यांचं वैर तेव्हा टोकाचं. दोघांपैकी एक आत आला की दुसरा कोपऱ्यातून दोर ओलांडून धावतो, पंचाला न जुमानता. पुढे हेच दोघे जोडीदार होणार आहेत, तेव्हा हे डोळ्यांत साठवून ठेवा. कोबाशीला फुची कसा पिळतो आणि बाजूचे दोघे त्याला सोडवायला कधी येतात, कधी येत नाहीत, तेही बघा.

दोन लढतींमध्ये तेरा महिन्यांचं अंतर आहे. १९९१मध्ये जो मार खाऊन कोबाशी उठत नव्हता, त्यातला कोणता १९९२मध्ये त्याला झेपतो? वहीत समोरासमोर दोन रकाने करून लिहा.

यानंतर दोन गोष्टी माहीत करून घेऊन पुढे जायचं. २२ ऑगस्ट १९९२ला मिसावाने हॅन्सनकडून ट्रिपल क्राउन घेतला. आणि त्याच वर्षाच्या शेवटी जम्बो यकृताच्या आजाराने मोठ्या लढतींतून बाहेर गेला. तो परत वर आला नाही. १३ मे २००० रोजी यकृतरोपणाच्या वेळी मनिलात वारला. त्याची जागा भरणं हा पुढच्या सगळ्या लढतींचा विषय आहे.

टप्पा ९: १९९३ ते १९९५ (लढत ६ ते ९)

आता कावादा मिसावाची साथ सोडून ताउएसोबत आहे. होय, त्याच ताउएसोबत.

३ डिसेंबर १९९३ हा टॅग लीगचा शेवट. कावादाच्या पायाकडे लक्ष ठेवा. कावादा मार कसा घेतो हे इथे शिकून घ्या, कारण हे त्याच्यासारखं कुणी करत नाही. कोपराचा फटका बसतो, तो उभाच राहतो. चेहऱ्यावर काही नाही. मग एक गुडघा किंचित आत वळतो, तो सावरायला पाऊल टाकतो, ते पाऊल चुकतं आणि मग सगळा देह खाली येतो. फटका आणि कोसळणं यांच्यात दोन-तीन सेकंद जातात. त्या सेकंदांत त्याचा हट्ट दिसतो.

३ जून १९९४. कावादा त्या वर्षीचा कार्निव्हल जिंकून आव्हान घेऊन आलाय. आता तुमच्याकडे चार वर्षांचा पाया आहे, आता बघा. कुठल्याही इतर कामाशिवाय, मोठ्या पडद्यावर, एका बैठकीत. जलद गतीने तर मुळीच नाही. या लढतीत मुद्दाम ठेवलेल्या शांत जागा आहेत आणि दीडपट वेगात त्या नाहीशा होतात. समालोचन जपानी आहे म्हणून आवाज बंद करू नका; समालोचकाचा चढता सूर भाषा न कळताही कळतो. मिसावाचा "टायगर ड्रायव्हर ९१" हा डाव इथे समजून घ्या. साध्या टायगर ड्रायव्हरमध्ये माणूस पाठीवर पडतो. ९१मध्ये दोन्ही हात अडकलेले असताना मानेवर. नावातला आकडा सालाचा. तो क्वचित काढला जातो, म्हणून तयारी दिसताच गर्दीचा आवाज बदलतो.

इशारा: या डावांची नक्कल कुणीही, कुठेही करू नये. घरात मुलं सोबत बघत असतील तर हे मोठ्याने सांगा, टाळू नका. मिसावा १३ जून २००९ रोजी हिरोशिमात रिंगमध्येच बॅकड्रॉप घेतल्यावर कोसळला आणि गेला. ४६ वर्षांचा होता. मला त्या लढती आजही प्रिय आहेत, आणि मानेवर पडणाऱ्या प्रत्येक डावाला माझ्या पोटात खड्डाही पडतो. दोन्ही खरं आहे.

१५ एप्रिल १९९५, कार्निव्हलचा शेवट, मिसावा-ताउए. ही लढत लोक वगळतात आणि मग जूनमधलं अर्धं त्यांच्या डोक्यावरून जातं. त्या स्पर्धेतच कावादाशी लढताना मिसावाच्या डोळ्याजवळचं हाड मोडलं होतं. ताउए त्या जखमेचं काय करतो ते बघा. ताउए मुळात सुमोमधला, त्याचा गळा धरून आपटण्याचा डावही तिकडच्याच "नोदोवा"वरून आलेला. इथे तो पहिल्यांदा खरोखर पहिल्या फळीतला वाटतो.

मग ९ जून १९९५. चौघांकडेही आता आपापली दुखणी आहेत. मिसावाचा चेहरा, कोबाशीचा पट्टी बांधलेला पाय. दोनच प्रश्न हाताशी ठेवा. कोबाशी एका पायावर किती वेळ मिसावाला वाचवू शकेल? आणि कावादाने आजवर मिसावाचे खांदे तीन आकड्यांपर्यंत एकदाही टेकवलेले नाहीत, हे त्याच्या चेहऱ्यावर कुठे दिसतं? शेवटच्या दहा मिनिटांत कोबाशी रांगत येतो आणि स्वतःचं अंग मिसावावर टाकून मार झेलतो. तिथे थांबवू नका, मागे घेऊ नका, पुढे चालू द्या.

जास्तीचं हवं असेल तर १९ जानेवारी १९९५ची ओसाकातली कावादा-कोबाशी लढत जोडा. शेजारच्या कोबेत मोठा भूकंप होऊन दोनच दिवस झाले होते. पण ती फार लांब आहे; पहिल्या फेरीत घेऊ नका, दमछाक होते.

टप्पा १०: वही कशी ठेवायची

लढत चालू असताना लिहायचं नाही. संपल्यावर पाच मिनिटांत तीन ओळी: कुठला डाव पहिल्यांदा दिसला, कुठला डाव उलटवला गेला, आणि कुठल्या डावावर लोक उठले. बस. तारे, गुण असलं काही नको. गुण द्यायला लागलं की माणूस परीक्षक होतो आणि बघणं राहून जातं.

पुढची लढत लावण्याआधी मागच्या तीन ओळी वाचायच्या. भाच्याला दुसऱ्या खेपेला हे करायला लावलं. ३ जून १९९४ बघताना तो मध्येच म्हणाला, "हे तर त्याने ब्याण्णवमध्ये केलं होतं!" मी काही बोललो नाही, चहा ठेवायला उठणार होतो तोही उठलो नाही.

टप्पा ११: उरलेल्या दोन (१० आणि ११)

९ जूननंतर निदान एक आठवडा काहीही बघू नका. मग २० जानेवारी १९९७, ओसाका. कोबाशी आता विजेता आहे आणि मिसावा आव्हानवीर. पंचाण्णवमध्ये मिसावावर पांघरूण होऊन पडलेला हाच तो. त्याच्या उजव्या हाताकडे बघा, लॅरिएट, म्हणजे आडव्या हाताने गळ्यावर मारायचा फटका, त्याच हाताने मारतो. आणि मिसावा त्या हाताचं काय करतो त्यावर नजर ठेवा.

१ मे १९९८ ही टोकियो डोममधली, ऑल जपानने तिथे स्वतःच्या नावावर घेतलेल्या पहिल्या कार्यक्रमातली. इथे एक अपेक्षा आधीच खाली आणतो: चौऱ्याण्णवचा वेग आणि ताकद यात नाही. दोघांचीही शरीरं थकलेली आहेत, आणि डोम एवढं मोठं आहे की गर्दीचा आवाज बुदोकानसारखा अंगावर येत नाही. त्यामुळे आधी कधीही ही लढत लावलीत तर फिकी वाटेल. अकराव्या क्रमांकावर ती तशी वाटत नाही.

ती संपली की त्याच रात्री १४ मे १९९०ची लढत पुन्हा काढा. सगळी नको, मुखवट्याची दोन मिनिटं पुरे. नाडी सोडणाऱ्या हातांकडे बघा, मग वही मिटा.